‘पाणी घातलेली जपानी वाइन’ या अभिप्रायास मळ्याच्या मालकाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारी आपण आई-वडिलांना घेऊन फ्रँकफर्टहून जर्मनीच्या राइनगाऊ भागातल्या आमच्या द्राक्षमळ्यावर आलात आणि नंतर मराठीतून सविस्तर अभिप्राय लिहिलात, म्हणून उत्तरही मराठीतूनच देत आहे. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा: आमची २०२१ ची कोशू, म्हणजे कोशू या जपानी जातीच्या द्राक्षांची वाइन, पाणी घातल्यासारखी पातळ लागली, घोट गिळल्यावर जिभेवर कडवटपणा रेंगाळला, गुलाबी द्राक्षे दाखवून पांढरी वाइन पाजली गेली, घडांवरच्या कागदी टोप्या फोटोपुरता देखावा आहेत, आणि एका बाटलीचे २४ युरो म्हणजे ‘जपानी’ या शब्दाचे पैसे. यांपैकी कडवटपणाची चूक पूर्णपणे माझी आहे. पातळपणाबद्दल मात्र मी आपल्याशी सहमत नाही, आणि अभिप्रायात या दोन्ही गोष्टी एकाच दमात आल्यामुळे त्या वेगळ्या करून सांगणे मला भाग आहे.

आधी कडवटपणा. कोशूचा मणी मोठा आणि साल जाड असते. तुरट-कडू द्रव्ये मुख्यतः त्या सालीत असल्यामुळे रस काढताना दाब हलका ठेवावा लागतो आणि शेवटी निघणारा रस बाजूला काढावा लागतो. २०२१ चा उन्हाळा जर्मनीत थंड आणि ओला गेला. नाशिकचे बागायतदार ज्याला डाऊनी किंवा केवडा म्हणतात त्या रोगाने इथल्या मळ्यांना फार छळले, आणि आमच्या सुमारे ६०० वेलींवर नेहमीच्या निम्मेच पीक हाती आले. रस कमी भरतो आहे हे दिसत असताना मी दाब वाढवला आणि शेवटचे साठेक लिटर, जे चाखल्यावर कडू लागत होते, ते वेगळे न ठेवता मुख्य टाकीत सोडले. तेव्हा मनात फक्त बाटल्यांचा हिशेब होता. त्यात भर म्हणजे आपल्याला दिलेली बाटली बर्फाच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडालेली होती, आणि वाइन इतकी गारठली की तिचा वास दबतो व कडवटपणा तेवढा पुढे येतो. आपल्या वडिलांनी पेला खाली ठेवून पाणी मागितले ते मी पाहिले होते. त्याच वेळी येऊन विचारायला हवे होते.

आता पातळपणा. त्या वाइनमध्ये पाण्याचा थेंबही घातलेला नाही. तसे करणे इथल्या कायद्याने गुन्हा आहे. कोशू ही जपानच्या यामानाशी प्रांतातली, मुख्यतः कात्सुनुमा परिसरातली जुनी जात आहे. तिथली दंतकथा तिचा उगम इ. स. ७१८ मध्ये ग्योकी नावाच्या भिक्षूला झालेल्या दर्शनाशी जोडते. जपानी संशोधकांच्या जनुकीय अभ्यासानुसार तिच्यात सुमारे ७० टक्के वाटा युरोपीय द्राक्षाचा आणि उरलेला पूर्व आशियातल्या रानटी वेलींचा आहे. ही उशिरा पिकणारी जात आहे आणि तिच्यात साखर कमी भरते. खुद्द यामानाशीतही तिची वाइन बहुधा हलकी आणि सौम्य सुगंधाची होते. कच्च्या किंवा वाफवलेल्या मासळीबरोबर ती घेतली जाते ती याच कारणासाठी. रीसलिंग या इथल्या नेहमीच्या पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनची आंबट धार डोक्यात ठेवून कोशू प्यायली तर ती रिकामी वाटणारच. त्यातून आम्ही आपल्यासमोर ठेवलेल्या खाण्याच्या पाटीत कांदा घातलेले, उग्र वासाचे, इथल्या हेसन राज्यातले चीज होते, आणि त्यापुढे या वाइनचा काय पाड लागणार? सर्व वाइनसाठी एकच पाटी ठेवण्याची आमची पद्धत सोयीची आहे, पण कोशूवर तिने अन्याय होतो, हे आपल्या अभिप्रायामुळे ध्यानात आले.

रंगाबद्दल एवढेच सांगतो की कोशूचा गुलाबी-जांभळट रंग सालीत असतो, गरात नसतो, आणि रस सालीवर न ठेवता लगेच काढला की वाइन फिकट होते.

कागदी टोप्यांविषयी थोडे अधिक लिहिण्याचा मोह आवरत नाही. माझे वडील दिंडोरीजवळ खाण्याची द्राक्षे मांडवावर घेत. थंडीत मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद गुंडाळण्याच्या कामात आम्ही भावंडे शाळेतून आल्यावर जुंपलेले असायचो. कात्सुनुमातही कोशू परंपरेने मांडवावरच वाढवतात आणि पावसापासून जपण्यासाठी घडावर मेणकागदाची टोपी बसवतात, हे प्रथम पाहिले तेव्हा मला घरीच आल्यासारखे वाटले होते. त्याच भावनेच्या भरात मी इथे दोन ओळी मांडवावर चढवल्या, आणि ते फसले. ५० व्या अक्षांशावर ऊन आधीच तिरपे. मांडवाच्या सावलीत मण्यांत पाणी उतरायलाच, म्हणजे ते मऊ पडून पिकू लागायलाच, उशीर झाला आणि ऑक्टोबर संपत आला तरी साखर भरेना. तेव्हापासून सगळ्या वेली शेजाऱ्यांप्रमाणे उभ्या तारांवर आहेत. टोप्या मात्र एका ओळीवर ठेवल्या आहेत, कारण २०२१ च्या पावसात त्या ओळीतले घड उघड्या घडांपेक्षा स्पष्टपणे कमी सडले. टोपीचा कागद घडाच्या देठाभोवती वळवून पिनेने टाचावा लागतो, एकेका घडाला अर्धे मिनिट जाते, आणि फोटोसाठी एवढा उपद्व्याप मी केला नसता. पाहुण्यांना आम्ही नेमक्या त्याच ओळीपाशी उभे करतो हे मात्र खरे, त्यामुळे आपला संशय अगदीच निराधार म्हणता येत नाही.

किमतीचा आणि ‘जपानी’ या शब्दाचा प्रश्न मी एकत्र घेतो. आमच्या लेबलावर ‘कोशू’ हे जातीचे नाव आणि राइनगाऊमधले आमचे गाव एवढेच छापलेले आहे. ऑक्टोबर २०१८ पासून जपानमध्येच ‘जपानी वाइन’ हे नाव केवळ जपानात पिकलेल्या द्राक्षांपासून तिथेच केलेल्या वाइनला लावता येते. आमच्या वाइनला ते कुठूनही लागू होत नाही. पण आपण टाकलेल्या छायाचित्रात आमच्या अंगणातल्या फळ्यावर खडूने ‘जपानी वाइन’ असे स्वच्छ दिसते आहे. ते उन्हाळ्यात मदतीला आलेल्या विद्यार्थ्याने लिहिले होते, आणि रोज त्याच फळ्यासमोरून जाऊनही मी ते पुसले नाही. आता पुसले आहे. राहिले २४ युरो: २०२१ मध्ये कोशूच्या सगळ्या मिळून ४१० बाटल्या झाल्या आणि त्यांच्यावरची मेहनत आमच्या रीसलिंगच्या दुपटीहून अधिक होती, त्यामुळे ही किंमत मला अवाजवी वाटत नाही. तरीही कडू रस मिसळलेल्या वाइनला ती लावायला नको होती. त्या हंगामाच्या उरलेल्या बाटल्या आजपासून १५ युरोंना विकल्या जातील आणि कडवटपणाचे कारण गिऱ्हाइकाला आधी सांगितले जाईल.

आपण या परिसरात कोशूची गरजच काय, असेही विचारले आहे. राइनगाऊमध्ये ती लावणारे आम्ही पहिले नाही, आणि आमच्याही बहुतेक जमिनीवर रीसलिंगच आहे. कोशूला दिलेला तुकडा खालच्या सपाटीवरचा, खोल मातीचा आहे. तिथे वेल जोमाने वाढते, इतकी की जून-जुलैत शेंडे खुडताना आमची पुरेवाट होते. त्या मातीत ही जात शेवटी रुजेल की नाही हे चारदोन हंगामांवरून ठरवण्याची घाई मी करणार नाही, पण त्या प्रयोगाचा खर्च पाहुण्यांना न सांगता त्यांच्या पेल्यातून वसूल करणे योग्य नव्हते, हे मान्य करतो.

आपण घेतलेल्या दोन बाटल्यांचे ४८ युरो ज्या कार्डाने पैसे दिलेत त्याच कार्डावर आज परत पाठवले आहेत. बाटल्या परत आणण्याची किंवा अभिप्राय बदलण्याची गरज नाही. दुसरी बाटली अजून उघडली नसेल, तर ती फ्रीजमधून काढून वीस मिनिटे बाहेर राहू द्यावी आणि साध्या उकडलेल्या मासळीबरोबर घ्यावी. कडवटपणा तरीही जाणवेल, पण कमी.