घाण आतून आहे, काकाजी

नागपुरात कोणी गाडीचं बोनेट उघडलं की जिथं चिटपाखरू नव्हतं तिथं चार माणसं उभी राहतात, अन् त्यातल्या निदान एकाच्या साळ्याचं गॅरेज असतंच. माझा उजवा हेडलाइट पांढुरका झाला तेव्हा या मंडळींनी एकमतानं निकाल दिला की कोलगेट लावा. शेजारचे काकाजी तर घरून ट्यूबच घेऊन आले, अर्धी वापरलेली, शेपटीकडून गुंडाळलेली.

आता टूथपेस्टनं काहीच होत नाही असं नाही. हेडलाइटची काच म्हणजे काच नसतेच, पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक असतं, त्यावर ऊन अडवायला एक पातळ थर दिलेला असतो, अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला असताना गाडी वर्षानुवर्षं उघड्यावर उभी असली की तो थर हात टेकतो, मग प्लास्टिक पिवळं पडतं, खरखरीत होतं. ते घासून निघतं. टूथपेस्टनं थोडंसं, हजार-दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरनं बरंच. पण माझ्या हेडलाइटला तो रोगच नव्हता. ओळखायची सोपी खूण आहे, वरून पाणी मारायचं, ओलं असेपर्यंत धुरकटपणा गायब झाला तर तो बाहेरचा, अन् नाही झाला तर आतला. मी सगळ्यांसमोर मग्गाभर पाणी मारलं. धुरकटपणा जसाच्या तसा. "घाण आतून आहे, काकाजी." काकाजी म्हणाले, "हो नं, म्हणूनच तर म्हणतो, आधी बाहेरून करून पाहा."

आत घाण गेली कशी, तर कुठल्याशा मेकॅनिकनं बल्ब बदलताना मागचं रबराचं कव्हर परत बसवलंच नव्हतं. हेडलाइट तसाही पूर्ण हवाबंद नसतो, गरम झाला की हवा बाहेर जाते अन् थंड झाला की आत येते, त्यासाठी छोटी छिद्रं ठेवलेली असतात. इथं छिद्राच्या जागी दरवाजाच उघडा! धूळ आत, पावसाची दमट हवा आत, काचेवर बाष्प, बाष्प वाळलं की मागे धुळीचा पापुद्रा, असे थरावर थर. रात्री वर्धा रोडवर माझा लाइट रस्त्यापेक्षा स्वतःलाच जास्त उजळून राहिला होता.

नवीन असेंब्लीचा, म्हणजे अख्ख्या हेडलाइटचा, भाव विचारला अन् घरीच करायचं ठरवलं.

हेडलाइट काढायचा तर बंपर काढा, बंपर काढायचा तर ग्रिलच्या क्लिपा काढा, अन् त्या क्लिपा कंपनीनं आयुष्यात एकदाच बसवायसाठी बनवल्या असतात, निघताना त्या निघत नाहीत, शहीद होतात. दहाच्या पान्यानं बोल्ट निघाले, वायरिंगचा सॉकेट निघाला, ६०/५५ वॉटचा एच-फोर बल्ब निघाला. त्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नसतं, हाताचं तेल लागलं की तेवढ्याच जागी तो जास्त तापतो अन् लवकर जातो, म्हणून मी तो फडक्यात धरून फ्रीजवर ठेवला, तर बायको म्हणे, "एवढा जीव तर पोरीच्या पत्रिकेलाही लावला नव्हता."

खरा प्रश्न इथून पुढं. काच अन् मागचा डबा ब्युटाइलच्या चिकट सीलनं जोडलेले असतात. ते उघडायचं तर साधारण शंभर डिग्रीला गरम करून नरम करावं लागतं, लोक चक्क ओव्हनमध्ये ठेवतात. आमच्या घरात ओव्हनचा विषय मी ज्या स्वरात काढला त्याच स्वरात तो बंद झाला. काकाजींनी गच्चीवर ठेवायला सांगितलं, आपोआप खुलेल म्हणे. नागपूरच्या उन्हावर माझीही श्रद्धा आहे, पण एवढी नाही. तेव्हा न उघडता, बल्बच्या भोकातून आत जाऊन समोरची काच पुसायची, म्हणजे नाकातून ब्रश घालून दात घासायचा प्रकार. त्यात मधल्या चकचकीत रिफ्लेक्टरला धक्का लावायचा नाही, त्यावर ॲल्युमिनियमचा इतका नाजूक मुलामा असतो की फडकं फिरवलं तरी निघून येतो.

आता सल्ल्यांची दुसरी फेरी. पेट्रोल टाका, थिनर टाका (प्लास्टिकला बारीक तडे जातात, नको). काकाजींचं मत होतं की तांदूळ अन् पाणी टाकून हलवा, आम्ही थर्मास असाच धुवायचो. मी नाही म्हटलं. थर्मासमध्ये असा नाजूक रिफ्लेक्टर नसतो, अन् राहिलेला दाणा रोज रात्री हाय बीममध्ये पाहायची माझी तयारी नव्हती.

शेवटी कामी आले चुंबक. जुन्या स्पीकरमधले दोन. एकाला मायक्रोफायबर गुंडाळून शिवून टाकलं, नायलॉनचा दोरा बांधला, ओलं करून भोकातून आत सोडलं, दुसरा फडक्यात गुंडाळून बाहेरून काचेवर धरला. आतला आधी मधल्या लोखंडी स्प्रिंगलाच जाऊन चिकटला, बल्ब धरून ठेवते ती. दोरा ओढ, हेडलाइट उलटा कर, परत सोड. अन् मग एकदाचा खट् आवाज आला, बाहेरचा चुंबक हळूच सरकवला तर आतला त्याच्या मागे मागे, अन् त्या पांढऱ्या पापुद्र्यावर बोटभर रुंद, स्वच्छ, आरपार दिसणारी रेघ! जमलेली मंडळी पहिल्यांदा गप्प झाली. कोपऱ्यात काच वळते तिथं मात्र पकड सुटायची अन् तो निसटून खाली पडायचा, की परत दोरा.

मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाकून कोमट पाण्यानं खळखळून धुतलं. पाणी निघालं ते टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. शेवटचं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड, कारण आमच्या बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग ठेवतं अन् पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वाळवायला ठेवून मी आंघोळीला गेलो, येऊन पाहतो तर हेडलाइट कूलरसमोर. आई म्हणे, "लवकर वाळन म्हणून ठेवला." वाळ्यातून येणारी ओली हवा सरळ आत चालली होती! परत हेअर ड्रायर, मंद, लांबून, बायकोच्या देखरेखीखाली.

रबराचं कव्हर सुटं मिळत नाही, असेंब्लीसोबतच येतं, असं पार्टवाल्यानं तोंड वर न करता सांगितलं. भंगारातल्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्याकडे मिळालं, तेही घासाघीस करून.

सगळं परत बसवलं, लाइट लावला, अन् डोळे दिपले. पण काढून बसवलेल्या हेडलाइटचा झोत हलतो. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारून मला मनातलं सांगून जायला लागला. तेव्हा संध्याकाळी गाडी कंपाउंडच्या भिंतीसमोर सपाटीवर उभी केली, भिंतीवर खडूनं रेघ मारली, मागच्या स्क्रूनं झोत खाली घ्यायला लागलो. स्क्रू कुठल्या बाजूनं फिरवायचा हे मॅन्युअलमध्ये असेल, मॅन्युअल कुठं आहे हे देवाला माहीत. झोत भिंतीवरून चढला, काकाजींच्या बेडरूमच्या खिडकीत शिरला, अन् आतून आवाज आला, "समजलं रे बाबा, आतून घाण होती! आता झोपू दे."