‘शून्य गुंतवणूक, शून्य बिल’: कारखान्यांना सोलरची वर्गणी विकणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

औद्योगिक वसाहतींमधल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: कारखान्याच्या छतावर सोलर बसवा, एक रुपयाही गुंतवू नका, दरमहा फक्त वर्गणी भरा, महावितरणचे बिल शून्य होईल, लाईट गेली तरी काम थांबणार नाही, 40 टक्के घसाऱ्याचा (यंत्राची किंमत दरवर्षी घटते म्हणून मिळणाऱ्या वजावटीचा) करलाभ तुम्हालाच मिळेल, सगळी जोखीम कंपनीची, नको वाटले तर कधीही बंद करा, आणि छत लहान असेल तर ग्रुप कॅप्टिव्हमध्ये, म्हणजे अनेक कारखान्यांनी मिळून मालकी घेतलेल्या वीजप्रकल्पात, नाममात्र शेअर घेऊन बाहेरची स्वस्त वीज घ्या. माझ्या मावसभावाची कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतण्याचा कारखाना, आहे. या संदेशाच्या भरवशावर तो 25 वर्षांच्या करारावर सही करायला निघाला होता. उच्चदाब ग्राहकांची वीजबिले तपासणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे त्याने निदान मला विचारले. ज्यांना विचारायला कोणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बिल शून्य होण्याच्या दाव्यापासून सुरुवात करू. आपल्याकडे एक किलोवॅटचा सोलर संच स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण चार युनिट देतो आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट छत लागते. म्हणजे दहा हजार चौरस फूट पत्र्यावर 100 किलोवॅट बसतात आणि त्यातून दिवसाला 400 युनिट मिळतात. इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, एक टन लोखंड वितळवायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात. याचा अर्थ, दहा हजार फुटांच्या शेडवर काठोकाठ पॅनेल बसवूनही दिवसाला एक टन धातूसुद्धा वितळणार नाही, आणि माझा भाऊ एका पाळीत त्याच्या कितीतरी पट धातू ओततो. हे गणित करायला पाच मिनिटे पुरतात. ते न करता ‘शून्य बिल’ लिहिणाऱ्याने फाउंड्रीचे बिल कधी उघडून पाहिलेले नाही.

शिवाय बिल केवळ युनिटचे नसते. उच्चदाब ग्राहकाला एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला (तो केव्हीएमध्ये मोजतात) त्यावर मागणी आकार भरावा लागतो आणि तो ठरवताना त्या महिन्यातल्या कमाल मागणीबरोबरच मागच्या अकरा महिन्यांतली कमाल मागणी आणि कॉन्ट्रॅक्ट डिमांडचा (महावितरणशी ठरलेल्या कमाल भाराचा) ठरावीक हिस्साही पाहिला जातो. सकाळी सात वाजता किंवा ढगाळ दुपारी फर्नेस पूर्ण भारावर चालली की महिन्याची कमाल मागणी नोंदली गेली. नंतर कितीही ऊन पडले तरी तो आकडा खाली येत नाही.

याहून आतली एक गोष्ट आहे, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. 1 एप्रिल 2020 पासून महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर आकारले जाते, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर यंत्रांच्या चुंबकीय क्षेत्रासाठी ये-जा करणारी रिॲक्टिव्ह वीजही मोजली जाते. एकूण भारातला प्रत्यक्ष कामाचा वाटा म्हणजे पॉवर फॅक्टर. समजा, कारखान्याचा भार 200 किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर 0.98 आहे, म्हणजे सुमारे 41 केव्हीएआर (रिॲक्टिव्ह भाराचे एकक) रिॲक्टिव्ह भार ग्रिडमधून, म्हणजे महावितरणच्या जाळ्यातून, येतो. आता सोलरने 150 किलोवॅट दिले, तर ग्रिडमधून फक्त 50 किलोवॅट येतील. पण साधारणतः सोलर इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवरच, म्हणजे रिॲक्टिव्ह भार न देता, चालवलेला असतो, म्हणून ते 41 केव्हीएआर ग्रिडमधूनच येत राहतात. मीटरला दिसणारा पॉवर फॅक्टर 0.78 पर्यंत घसरतो आणि 50 युनिट घेऊन 64 युनिटचे पैसे जातात. एपीएफसी पॅनेल (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारी यंत्रणा) आणि इन्व्हर्टरची सेटिंग नव्याने बसवून यावर उपाय करता येतो, मात्र ते काम कोणी करायचे आणि त्याचा खर्च कोणाकडे, हे करारात लिहिलेले असले पाहिजे. भावाच्या हातातल्या मसुद्यात त्याबद्दल एक ओळही नव्हती.

आता त्या संदेशातल्या सर्वांत घातक वाक्याकडे येतो: ‘सगळी जोखीम कंपनीची, कधीही बंद करा.’ मोबाईलची वर्गणी बंद करण्यासारखा हा प्रकार नाही. छतावरचा संच कंपनीच्या, म्हणजे बहुधा तिला कर्ज देणाऱ्या बँकेच्या पैशातून उभा राहतो आणि तो पैसा वसूल व्हायला वर्षे लागतात. म्हणूनच अशा करारांमध्ये किमान बंधनकालावधी असतो, मुदतीपूर्वी बाहेर पडायचे तर संच विकत घेण्याच्या रकमेचे वर्षवार कोष्टक असते, आणि बहुतेक ठिकाणी ‘डीम्ड जनरेशन’चे कलम असते. कारखाना बंद राहिला, छतावर काम काढले, शेजारी उंच शेड उभी राहून सावली पडली किंवा तुम्ही वीज वापरलीच नाही, तरी ती निर्माण झाली असे मानून तिचे पैसे द्यायचे, असे ते कलम सांगते. 100 किलोवॅटचा संच वर्षाला 1 लाख 40 हजार युनिट देईल आणि करारातला दर युनिटला पाच रुपये असेल असे धरले, तर दरवर्षी सात लाखांचे हे देणे आहे, कारखान्यात काम असो वा नसो.

या भागातल्या उद्योजकाला तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. 2020 च्या टाळेबंदीत यंत्रे थांबली होती, पण ऊन थांबले नव्हते. नेट मीटरिंगमुळे, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करण्याच्या सोयीमुळे, अशी न वापरलेली वीज ग्रिडला जाते खरी. परंतु आर्थिक वर्षाच्या शेवटी शिल्लक राहिलेल्या युनिटना मिळणारा दर तुमच्या करारातल्या दरापेक्षा कमी असू शकतो आणि तो फरक तुमच्या खिशातून जातो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, कामगार आणि माल दोन्ही अडकून पडले. अशा दिवसांत वर्गणी माफ होते की फक्त पुढे ढकलली जाते, हे फोर्स मेजरच्या (आवाक्याबाहेरच्या आपत्तीच्या) कलमातल्या दोन-तीन शब्दांवर ठरते, आणि ते शब्द वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये असे माझे ठाम मत आहे. जुने सिमेंटचे पत्रे बदलायची वेळ आली, तर संच उतरवून पुन्हा बसवण्याचा खर्चही या मसुद्यांत अनेकदा छताच्या मालकावर असतो. वीस-पंचवीस वर्षांत पत्रे बदलावे लागणार नाहीत, अशी शेड मी आमच्या वसाहतीत तरी पाहिलेली नाही.

‘लाईट गेली तरी कारखाना चालू’ हे सरळ खोटे आहे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेल्याबरोबर स्वतःहून बंद होतो आणि तसा तो व्हायलाच हवा, नाहीतर लाईनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. बॅटरी किंवा डिझेल जनरेटरशी जुळवणारी वेगळी यंत्रणा घेतली तर गोष्ट निराळी. तिचा खर्चही निराळा. घसाऱ्याबद्दल एवढेच, की प्राप्तिकरात तो मालमत्तेच्या मालकाला मिळतो. संच कंपनीचा असेल तर 40 टक्के घसाराही कंपनीचाच. एकाच संदेशात ‘तुमची गुंतवणूक शून्य’ आणि ‘घसारा तुमचा’ अशी दोन्ही वाक्ये आहेत, आणि तरीही सीएला न विचारता लोक तो पुढे पाठवत आहेत.

या सगळ्यात तथ्य अजिबात नाही असे मात्र म्हणता येणार नाही. छतावरच्या सौरविजेचा करारातला दर औद्योगिक दरापेक्षा बराच कमी असतो, देखभाल कंपनी करते, आणि स्वतःचे भांडवल नव्या यंत्रासाठी मोकळे राहते. दिवसपाळीत चालणाऱ्या, मोठे छत आणि मध्यम भार असलेल्या मशीन शॉपला किंवा शीतगृहाला ही व्यवस्था फायद्याची ठरते. अशी बिले मी पाहिली आहेत. पण फायदा म्हणजे दिवसाच्या ग्रिडदरातून सोलरचा दर वजा जाता उरेल तेवढाच. पूर्वीच्या दररचनेत रात्री सवलत होती, म्हणून आमच्या फाउंड्र्या रात्री वितळवत असत. वीज नियामक आयोगाच्या मार्च 2025 च्या आदेशाने उन्हाच्या तासांना सवलत देणारी रचना आणली, मग तोच आदेश स्थगिती आणि फेरविचारात गेला. ग्रिडची दिवसाची वीज स्वस्त झाली की करारातल्या ठरलेल्या दराचा फायदा तेवढाच आटतो. आज दाखवलेली बचत 25 वर्षांनी गुणून देणारे कोष्टक मला म्हणूनच मान्य नाही.

राहिला ग्रुप कॅप्टिव्हचा ‘नाममात्र शेअर’. वीज नियम 2005 मधला नियम 3 इथे निर्णायक आहे आणि तो प्रत्येकाने ताज्या दुरुस्त्यांसह मुळातून वाचावा. वापरकर्त्यांकडे मिळून प्रकल्पाच्या मतदानाचा अधिकार असलेल्या भागभांडवलाचा किमान 26 टक्के हिस्सा हवा आणि वर्षभरातल्या एकूण निर्मितीपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनी स्वतः वापरली पाहिजे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असलेल्या नियमानुसार ज्याचा जितका हिस्सा, तितक्या प्रमाणात त्याचा वापर हवा होता, दहा टक्क्यांच्या फरकाच्या मर्यादेत. विशेष उद्देश कंपनी (फक्त त्या प्रकल्पासाठी काढलेली कंपनी) स्थापून ही अट टाळता येत नाही, हे न्यायालयाने 9 ऑक्टोबर 2023 रोजी गायत्री शक्ती पेपरच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. वर्षअखेरीस या अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर त्या वर्षाची सगळी वीज कॅप्टिव्ह न राहता सामान्य वीजविक्री ठरते आणि तिच्यावर क्रॉस सबसिडी अधिभार (महावितरणऐवजी बाहेरून वीज विकत घेतल्यावर द्यावा लागणारा आकार) लागतो. तुम्ही तुमच्या वाट्याची वीज पूर्ण वापरली, पण दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या अनोळखी भागधारकाचा कारखाना मंदीत बंद पडला, तरी त्याचा फटका तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो. असा अधिभार लागला तर तो कोणी भरायचा, हे भागधारक करारात लिहून घ्यावे लागते.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे की, त्यासोबत कराराचा पूर्ण मसुदा, बाहेर पडण्याच्या रकमेचे कोष्टक आणि ज्याचे बिल खरोखर शून्य झाले अशा एका फाउंड्रीचे बारा महिन्यांचे बिल गटावर टाकावे. भावाने कंपनीकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत आणि त्या मिळेपर्यंत सही थांबवली आहे.