अंदमानात डिसेंबरात साडेपाचला रात्रच असते, सर

नमस्कार सर,

आमच्या अंदमानच्या डायव्हिंग सहलीवरचा तुमचा एक ताऱ्याचा अभिप्राय काल रात्री वाचला. बायकोनेही वाचला. बोटीवर चहा गार मिळाला आणि टॉवेल ओले होते, ते खरं आहे. चूक आमची, माफी मागतो.

पण "नाईट डाईव्हचे पैसे घेतले आणि संध्याकाळी साडेपाचला पाण्यात उतरवलं, शुद्ध फसवणूक" हे मात्र फार लागलं. कालपासून दोन गिऱ्हाइकांचे फोन आले. बुकिंगचं राहिलं बाजूला, दोघांनीही आधी "ते साडेपाचचं काय ओ?" हेच विचारलं.

तर सांगतो. नाईट डाईव्ह म्हणजे अंधार पडल्यावर पाण्याखाली मारलेली डाईव्ह. डिसेंबरात आपल्या बेळगावात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक, आपल्यापासून पूर्वेला 18 अंशांहून पुढे आहे. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर सव्वा तासाचा फरक पडतो, आणि घड्याळ मात्र सगळ्या देशाला एकच. त्यामुळे तिथे पाचच्या आसपासच सूर्य जातो. बोटीच्या काठावर बसून पायात फिन्स चढवताना "एवढा काळोख कसा काय ओ?" असं तुम्हीच मला विचारलात. आठवतंय ना?

घड्याळाचंही सोडा. तुम्ही टॉर्च मारलात तेव्हा खडकाच्या कपारीत केशरी फुलांसारखं जे दिसलं, ते कोरल, म्हणजे प्रवाळ, दिवसा मिटलेलं असतं. अंधार पडला की त्याचे जीव हातपाय बाहेर काढून खायला बसतात. ते उघडलं होतं. त्याला कुणी बेळगावची वेळ सांगितली नव्हती.

आठ-नऊला का नेलं नाही, असंही लिहिलंत. दिवसाला दोन-तीन डाईव्ह झाल्या की शेवटच्या डाईव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नसतं. सकाळी तुमच्या दोन झालेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एकचं विमान होतं, आणि ते तिकीट स्वस्त पडतं म्हणून तुम्हीच काढलेलं. नऊला वर आलो असतो तर 16 तासच मिळाले असते. तेवढ्यावर तुम्हाला विमानात बसवायचं धाडस मला झालं नसतं.

पुढचं खरं तर लिहायचं नव्हतं. 32 मिनिटांत वर आणलं म्हणता, पण तुमच्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब 200 बारवरून 50 वर आला होता. 10 मीटर खोलवर हवा वरच्यापेक्षा दुप्पट लागते, त्यात तुम्ही सारखे हात मारत होता. पाण्यात तुम्हाला सांभाळणाऱ्या आमच्या पोराच्या डोळ्यांत दोनदा टॉर्च मारलात, कोरलला हात लावलात, तरी त्याने तुमचा हात सोडला नाही. त्याच्याबद्दल तरी दोन शब्द लिहायचे होते.

सात वर्षं झाली, शहापुरात माडीवरच्या एका खोलीतून हे चालवतोय. समुद्र नसलेल्या गावात डायव्हिंग विकतो म्हणून लोक हसायचे. फसवायचंच असतं तर याहून सोपे धंदे होते.

असो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या माहितीत आता सूर्यास्ताची वेळही टाकतो. टॉवेलांचं तिकडे सांगितलंय, चहाचंही बघतो.

तुमचं निळं जॅकेट आमच्या ऑफिसात राहिलंय. संध्याकाळी सातपर्यंत मी असतो, घेऊन जावा.