प्रतिक्रियेला उत्तर: ते मधलं ‘पम-पम’

ऑर्केस्ट्रातल्या व्हिओलावादनावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की व्हायोलिन जमलं नाही की लोक व्हिओला (व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ) धरतात, ऑर्केस्ट्रात जन्मभर ‘पम-पम’ करतात आणि मी त्याला उगाच तपश्चर्या म्हटलं. वर विचारलंत, व्हिओला गप्प बसले तर ऐकणाऱ्याला कळेल तरी का?

‘तपश्चर्या’ हा शब्द मागे घेतो. लिहिताना हात जरा सैल सुटला. पगारी नोकरी आहे ती. आणि मीही सोळाव्या वर्षापर्यंत व्हायोलिनच वाजवत होतो. सरांनी बदल सुचवला तेव्हा आठवडाभर घुश्शात होतो, म्हणजे तेव्हा तुमच्याच पक्षात.

पक्ष तसा जुना आहे. व्हिओलाला कोणी फारशी किंमत देत नाही, हे क्वांट्झ या जर्मन बासरीवादक-संगीतकाराने १७५२ सालीच लिहून ठेवलंय. पण साथ निर्दोष हवी तर व्हिओलावाला दुसऱ्या व्हायोलिनवाल्याइतकाच तयारीचा हवा, असंही त्याच लेखनात आहे. ते मात्र कोणी सांगत नाही.

मुळात वाद्यातच तडजोड आहे. व्हिओला व्हायोलिनपेक्षा सा-प इतका खाली लागतो, पण त्या हिशेबाने आकार वाढवला तर तो खांद्यावर पेलणारच नाही. म्हणून आकार मधेच थांबवलाय. उरलेलं गजाने भरून काढायचं. सगळ्यात जाड तारेवर व्हायोलिनच्या सवयीने गज ओढला की आधी खरखर येते, सूर मागाहून. ऑर्केस्ट्रात मागाहून म्हणजे उशिरा. ती सवय मोडायला मला दोन वर्षं लागली.

ऑडिशनचं तर विचारूच नका. पडद्याआडून रिचर्ड स्ट्राउसच्या ‘डॉन जुआन’ची सुरुवात वाजवायची, मग मेंडेल्सोनचं स्केर्झो, म्हणजे चपळ, हलकीफुलकी रचना. न जमलेल्याला तिथे पहिल्या ओळीतच ‘थँक यू’ ऐकू येतं, म्हणजे ‘या आता’. (मला तीनदा आलं.)

आता पम-पम. वॉल्ट्झ या तीन ठोक्यांच्या नाचात पहिला ठोका बासचा, दुसरा-तिसरा आमचा आणि दुसऱ्या व्हायोलिनांचा. व्हिएन्नाच्या ढंगात दुसरा ठोका किंचित आधी पडतो. किती आधी, ते कागदावर नसतं. पहिल्या स्टँडवर बसलेल्या आमच्या म्होरक्याच्या गजाकडे डोळा ठेवून आम्ही दहाजण तो एकदम पकडतो.

एका तालमीत कंडक्टरने आम्हा मधल्यांना, म्हणजे व्हिओला आणि दुसऱ्या व्हायोलिनांना, थांबवून फक्त चाल वाजवणारी पहिली व्हायोलिनं आणि बास वाजवून घेतले. पान उलटेपर्यंत व्हायोलिनं पुढे धावली, बास मागे रेंगाळले. म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: तुम्हाला कळलं असतं. फक्त तुम्ही म्हणाला असता, ‘आज व्हायोलिनवाले फार घाईत आहेत.’