त्रिनिदादला त्रिनिदादच राहू द्या

जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद आणि टोबॅगोला जाऊन आले. तिथल्या पंतप्रधान कमला प्रसाद-बिसेसर यांचे पूर्वज बिहारमधल्या बक्सरकडचे, हे तेव्हा आपल्याकडे घरोघरी कळलं. मग तो फॉरवर्ड सुटला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आत्तापर्यंत चारदा येऊन गेलाय, दर वेळी खाली हात जोडलेले इमोजी. मजकूर थोडक्यात असा: ‘समुद्रापार एक छोटा भारत आहे, त्रिनिदाद. आपले लोक तिथे व्यापारासाठी गेले. आज निम्म्याहून जास्त प्रजा हिंदू आहे. त्यांनी भाषा, जात, सणवार सगळं जसंच्या तसं जपलं. तिथल्या काळ्या लोकांना संस्कृती अशी नाहीच, नुसता कार्निव्हलचा धिंगाणा. क्रिकेटमध्ये टाळ्या भारतालाच पडतात, कारण मनाने ते भारतीयच.’

आकडा आधी घेऊ, तो लगेच निकालात निघतो. २०११ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे ३५.४ टक्के, आफ्रिकन वंशाचे ३४.२, मिश्र वंशाचे जवळपास २३. हिंदू १८ टक्के. निम्मे कुठून आले? भारतीय वंश म्हणजे हिंदू असं धरलं तरी गणित जमत नाही, आणि तसं धरताच येत नाही. गेलेल्यांत मुसलमान होते. शिवाय कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८६८ पासून मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि त्यातून कित्येक घरं ख्रिस्ती झाली.

‘व्यापारासाठी गेले’ हे वाचून तर हसावं की रडावं कळेना. ३० मे १८४५ ला कलकत्त्याहून ‘फतेल रझाक’ हे जहाज तिथल्या राजधानीच्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या बंदरात लागलं, त्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं होती. या कथेत व्यापारी एकच, तो म्हणजे जहाजाचा मालक, मुंबईचा इब्राहिम बिन युसुफ. उतरलेले सगळे मजूर. १८३८ मध्ये मळ्यांवरचे आफ्रिकन गुलाम पूर्ण मोकळे झाले, ऊसमळेवाल्यांना स्वस्तात हात हवे होते, म्हणून हे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर. पाच वर्षांचा करार, आणि पास नसताना मळ्याबाहेर सापडला की थेट तुरुंग. १९१७ पर्यंत असे सुमारे १ लाख ४४ हजार लोक गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधले, थोडे मद्रासकडचे.

आता ‘जसंच्या तसं जपलं’. सगळ्यात लाडकं वाक्य हेच, आणि सगळ्यात पोकळही हेच.

जातीपासून सुरुवात करा. जहाजावर एका पंगतीत जेवावं लागलं तिथेच निम्मी गळाली. ज्यांच्याबरोबर समुद्र ओलांडला ते ‘जहाजी भाई’, आणि ते नातं जातीपेक्षा घट्ट ठरलं. गेलेल्यांत बायका फार थोड्या, शंभर पुरुषांमागे चाळीस तरी असाव्यात असा सरकारला नियम करावा लागला. अशा ठिकाणी पोटजात बघून सोयरीक कोण जुळवत बसणार? पंडितपण ब्राह्मणांकडे बराच काळ राहिलं, पण रोजच्या व्यवहारातली उतरंड मोडली. ती मोडली हे फॉरवर्डवाल्यांना नुकसान वाटतं, मला नाही वाटत.

भाषा? घरात इंग्रजी आणि इंग्रजी क्रिओल, म्हणजे तिथली मिश्र बोली. भोजपुरी उरली ती गाण्यांच्या ओळींत, स्वयंपाकघरात आणि नात्यांत. वडिलांच्या आईला तिथे ‘आजी’ म्हणतात. आपला माणूस हे ऐकून हरखतो आणि मराठ्यांच्या स्वारीचा शोध लावतो. सबुरीने घ्या, भोजपुरीतही आजी असतेच. तवा आहे, बेलना आहे, बैगन चोखा आहे. आणि डबल्स आहे. हळदीच्या रंगाचे दोन मऊ ‘बारा’ (तळलेल्या पोळ्या, आकडा नव्हे), त्यावर चण्याचा रस्सा, चिंचेची चटणी, तिखट सॉस. कागदात गुंडाळून हातात देतात आणि सकाळी सकाळी रस्त्याकडेला उभ्यानेच खायचं. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाऊनला दीन नावाच्या मुस्लिम कुटुंबाने याला नाव मिळवून दिलं. उत्तर प्रदेशात जाऊन डबल्स मागा बघू. ते त्रिनिदादचंच, आणि गाडीभोवतीच्या घोळक्यात कोण कुठल्या वंशाचा हे कुणी मोजत नाही.

सणांचंही तसंच. मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात. ताबूत निघतात, त्यांना ‘ताज्या’ असा शब्द, आणि पुढे ताशे. हो, आपलाच ताशा. मातीच्या कुंड्यावर बकऱ्याचं कातडं, वाजवण्याआधी जाळावर धरून ताणलेलं, जोडीला ढोल आणि झांज. फक्त आपल्या पथकासारखा तो एका सणाला बांधलेला नाही. होसेत वाजतो, हिंदूंच्या लग्नात वाजतो आणि कार्निव्हलमध्येही. होसेच्या मिरवणुकीत हिंदू असत, आफ्रिकन वंशाचे वादकही असत, आणि ही सरमिसळच इंग्रजांना खुपली. ३० ऑक्टोबर १८८४ ला सॅन फर्नांडोत मनाई मोडून निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. किमान सोळा माणसं गेली, शंभरावर जखमी झाली.

‘जपलं’ या शब्दाने हे सगळं झाकलं जातं. जणू लोणच्याची बरणी कुणी फडताळात ठेवून दिली होती. हिंदू लग्नाला कायद्याची मान्यता मिळायला तिथे पहिल्या जहाजानंतर शंभर वर्षं लागली, तोवर त्या लग्नाची मुलं सरकारी कागदावर अनौरस. वॉटरलू गावच्या शिवदास साधू या ऊसमजुराने १९४७ च्या सुमारास किनाऱ्यालगत देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. देऊळ पाडलं गेलं, त्याला चौदा दिवसांची कैद झाली. सुटून आल्यावर त्याने समुद्रातच बांधायला घेतलं, कारण समुद्राचा सातबारा (हा शब्द माझा) कुणाच्या नावावर नव्हता. सायकलवर दगड-सिमेंट लादायचं, ओहोटीला चिखलात उतरून पिंपं रोवायची आणि त्यांत काँक्रीट भरायचं. वर्षानुवर्षं, एकट्याने. ते देऊळ आज नव्याने बांधलेलं उभं आहे.

‘काळ्यांना संस्कृती नाही’ याला उत्तर द्यायचीही लाज वाटते, पण ग्रुपवर कुणी हरकत घेतली नाही म्हणून देतो. १८८१ मध्ये कार्निव्हलच्या मशालींच्या मिरवणुकीवर पोलिस चालून आले, लोक लढले. पुढे ढोलांवर बंदी आली. मग त्यांनी बांबू जमिनीवर आपटून ताल धरला, तेही नको झालं तेव्हा बिस्किटांचे डबे, आणि शेवटी तेलाची रिकामी पिंपं ठोकून ठोकून त्यांतून सूर काढले. हे स्टीलपॅन. पोर्ट ऑफ स्पेनच्या लाव्हेंटीलसारख्या गरीब वस्त्यांत ते घडलं, १९९२ मध्ये राष्ट्रीय वाद्य झालं, आणि राजचिन्हावरची कोलंबसची तीन जहाजं काढून तिथे ते बसवायचं २०२४ मध्ये ठरलं. बंदीचं वर्ष बघा, १८८४. होसेवर गोळ्या झाडल्या तेच. दोघांचे ढोल एकाच सरकारने एकाच वर्षी गप्प करायला घेतले.

आणि या ‘आफ्रिकन’ वाद्याच्या पॅनोरामा स्पर्धेत रेनेगेड्स बँडला नऊ वेळा जिंकून देणारा संगीतकार कोण? जित सामरू, भारतीय वंशाचा. उलट बाजूने, लॉर्ड शॉर्टी या आफ्रिकन वंशाच्या गायकाने कॅलिप्सो या तिथल्या गाण्याच्या प्रकारात ढोलक घातला आणि त्यातून सोका हा नवा प्रकार घडला. या देवाणघेवाणीत सगळं गोडीगुलाबीचं होतं असं मात्र नाही. भारतीय-आफ्रिकन जोडप्याच्या मुलांना ‘डुगला’ म्हणतात, म्हणजे आपल्या हिंदीतला ‘दोगला’. ही शिवी आपल्याकडूनच गेली.

‘मनाने भारतीय’. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी स्वातंत्र्याच्या वर्षी, १९६२ मध्ये लिहिलं की इथे कुणाची मदर इंडिया नाही, कुणाची मदर आफ्रिका नाही, आई एकच, मदर त्रिनिदाद आणि टोबॅगो. वाक्य सुंदर आहे. पण याच विल्यम्सनी १९५८ मध्ये निवडणूक हरल्यावर भारतीय वंशीयांना हटवादी, वैरभावी अल्पसंख्य म्हटलं होतं. त्यामुळे ते सुंदर वाक्य अनेकांच्या कानाला पुरतं गोड लागलं नाही. मतदान आजही बरंचसं वंशावर होतं. पण भांडण आहे ते त्या घरातल्या हिश्शाचं, दुसऱ्या घरी परतण्याचं नव्हे. १९९५ मध्ये बासदेव पांडे पंतप्रधान झाले तेव्हा ती तिथली खुर्ची होती.

राहिलं क्रिकेट. पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर भारतासाठी टाळ्या पडायच्या हे खरं, आणि त्यावरून वादही व्हायचे. १९७१ मध्ये तिथेच आपल्या सुनील गावसकरचं पदार्पण झालं, त्या मालिकेत त्याने ७७४ धावा कुटल्या. त्याच्यावर लगोलग कॅलिप्सो रचला गेला आणि गाजला. रचणारा लॉर्ड रिलेटर, आफ्रिकन वंशाचा त्रिनिदादकर, आणि गाण्यात चेष्टा आहे ती त्याच्या स्वतःच्या वेस्ट इंडीज संघाची.