हाड जुळेपर्यंत उपास बाजूला ठेवा

हाड मोडलंय, घरी बसून वजन वाढणार, म्हणून सोळा तास उपाशी राहायचं, असं आमच्या सांगलीत हल्ली फार ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. एरवी वजन उतरवायला कुणी असं करत असेल तर खुशाल करावं. पण हात प्लास्टरमध्ये असताना किंवा पायात रॉड टाकलेला असताना नको.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नव्हे. त्याची मूळ वीण कोलॅजन या प्रथिनाची, खनिजं त्यावर बसतात. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळतं, मग मऊ जोड येतो, मग तो कडक होतो. यात साधारण ६ ते १२ आठवडे जातात. एरवी दिवसाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, या काळात बऱ्याचदा १.२ किंवा त्याहून जास्त सांगतात. म्हणजे साठ किलोच्या बाईला सत्तर ग्रॅमच्या पुढं! आणि एका अंड्यात असतात जेमतेम सहा.

माझ्या आत्याचं मनगट मोडलं तेव्हा तिचं ताट मी बघत होते. दुपारी भाकरी, वांग्याची भाजी, पातळ आमटी. रात्री तेच, तेही सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं. त्यात संकष्टी आणि गुरुवार. साबुदाण्यात पिष्टाशिवाय काही नसतं, खिचडीत जी काय प्रथिनं असतात ती दाण्याच्या कुटाची. वर दुखण्याची गोळी उपाशीपोटी, मग दिवसभर जळजळ.

"आत्या, गणपती काही रागवत नाही, तू खा," म्हणून सकाळी अंडी, मधल्या वेळी नाचणीचं आंबील नि दही, जेवणात मटकीची घट्ट उसळ सुरू केली. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पायाचं सूप जरूर प्या, पण त्यात कॅल्शियम फार उतरत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

बायकांनो, मिश्रीही बंद करा. तंबाखूतल्या निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला वेळ लागतो. हे कुणी घरात बोलत नाही, म्हणून इथं लिहितेय.

वजनाचं एक्स-रेमध्ये जोड पक्का दिसल्यावर बघू. आणि साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचंही जेवण चुकवू नका, साखर एकदम खाली जाऊन चक्कर आली तर पुन्हा पडाल.