आधी गोळी की आधी तपासणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे आणि निम्मा राग रास्तही आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फुप्फुसाच्या कर्करोगात जनुकीय तपासणी म्हणजे मुंबईकरांचे चोचले. मालवणातून मावशींच्या बायोप्सीचा तुकडा पाठवला, तीन आठवडे वाट पाहिली आणि रिपोर्टात आलं काय, तर ‘नमुना अपुरा’. मावशींनी जन्मात विडी ओढलेली नाही, आजार अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथींसारख्या पेशींतून होणारा प्रकार), आणि जेफिटिनिब ही त्यावरची गोळी आता जेनेरिक मिळते. मग गोळी सुरू करून महिनाभर बघायला काय हरकत?

हरकत आहे, कारण हे करून बघून झालेलं आहे. ‘आयपास’ या जेफिटिनिबच्या औषधचाचणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात आशियातले १,२१७ रुग्ण होते, तेही नेमके मावशींसारखे: अ‍ॅडिनोकार्सिनोमा झालेले, धूम्रपान न केलेले किंवा थोडंफार करून सोडलेले. त्यातल्या ४३७ जणांचा ईजीएफआरचा, म्हणजे ज्या जनुकातल्या दोषावर ही गोळी चालते त्याचा, निकाल हाती आला. पॉझिटिव्ह, म्हणजे दोष असलेले, निघाले २६१. म्हणजे एवढी चाळण लावूनही दहातले चार निगेटिव्हच. जेफिटिनिबने पॉझिटिव्हांपैकी ७१ टक्के लोकांची गाठ चांगली आक्रसली, निगेटिव्हांपैकी जेमतेम १ टक्क्याची. निगेटिव्ह असून केमो घेतलेल्यांत हाच आकडा २३ टक्क्यांवर होता. तुमचा ‘महिनाभर बघू’ निगेटिव्ह माणसाला असा महागात पडतो. आणि दोष एएलके जनुकात असला, तर गोळीच वेगळी लागते.

आता ‘अपुरा’ या शब्दाकडे येतो. तो बहुतेक वेळा मुंबईच्या लॅबमध्ये तयार होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होतो. सुईने काढलेला तुकडा शेवयाच्या काडीएवढा. तो सलाइनच्या बाटलीत टाकून घाटावर पाठवला, की वाटेतच पेशी सडायला लागतात. तुकडा फॉर्मॅलिनमध्येच हवा, आणि फॉर्मॅलिन बफर केलेलं, म्हणजे आम्ल होऊ न देणारे क्षार घातलेलं हवं: बाजारातलं तीव्र फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसतं पाणी मिसळून केलेलं फॉर्मॅलिन हळूहळू आम्ल होत जातं आणि डीएनएचे तुकडे पाडतं. तुकड्याच्या किमान दहापट द्रव घ्यायचा आणि ६ ते ४८ तासांत पुढची प्रक्रिया करायची. शनिवारी संध्याकाळी केलेली बायोप्सी मंगळवारपर्यंत बाटलीत पडून राहिली की हे गणित चुकलंच. गणपतीत तर विचारू नका. म्हणून ओली बाटली लांब पाठवण्यापेक्षा जवळच्या पॅथॉलॉजीत तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक करून घ्यावा आणि ब्लॉक पाठवावा. त्याला घाई नसते, फक्त मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नये. हाडातून तुकडा घेतला असेल, तर तो आम्लात मऊ करू नका असं आधीच लिहून द्यावं. त्या आम्लात डीएनए टिकत नाही, ईडीटीए या दुसऱ्या रसायनात मऊ केला तर टिकतो.

ब्लॉक असूनही तो निदानातच संपवला जातो. पॅथॉलॉजिस्ट कर्करोगाचा प्रकार ओळखायला दहा-बारा रंग लावत बसतात, आणि ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर (पातळ थर कापायच्या यंत्रावर) चढवला की पातळी जुळवण्यातच काही थर वाया जातात. बहुतेक वेळा टीटीएफ-१ आणि पी४० या दोन रंगांवर काम भागतं. त्याच बैठकीत ४-५ मायक्रॉनच्या आठ-दहा बिनरंगी पट्ट्या जनुकीय तपासणीसाठी कापून बाजूला ठेवायला सांगावं.

मावशींच्या छातीतलं पाणी दोनदा काढलं, असं तुम्ही लिहिलंय. टीबीच्या शंकेने दहा मिली एडीए या टीबीच्या तपासणीला गेलं असणार आणि उरलेलं सिंकमध्ये. त्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी असतील तर तोच नमुना, पुन्हा सुई टोचायची गरज नाही. पुढच्या वेळी किमान १०० मिली पाठवा, आणि कागदावर ‘सेल ब्लॉक’ (पाण्यातल्या पेशी गोळा करून केलेला मेणाचा ब्लॉक) हे शब्द लिहायला सांगा. नाहीतर नुसत्या काचा रंगवून रिपोर्ट येतो. त्याच दिवशी पाठवणं जमलं नाही तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

रक्तावरही तपासणी होते, पण साध्या जांभळ्या झाकणाच्या नळीतला प्लाझ्मा काही तासांत वेगळा करावा लागतो. कोकणकन्येने रात्रभर गेलेली ती नळी निरुपयोगी. त्यासाठीच्या खास नळ्या मिळतात, १० मिलीच्या दोन, आणि त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात. रक्तात दोष सापडला तर तो धरायचा. सापडला नाही म्हणजे नाहीच असं नव्हे.

वेळेबाबत मात्र तुमचं खरं आहे. सगळी जनुकं एकदम तपासणाऱ्या एनजीएसला दोन-तीन आठवडे सहज जातात. नमुना पुरेसा असेल तर एएलकेचा रंग आणि ईजीएफआरचा पीसीआर (त्या एकाच जनुकाची तपासणी) आधी मागावा, ते लवकर येतात. रुग्णाला दम लागत असेल तर थांबू नये, केमो सुरू करावी. ती वाया जात नाही: टाटा मेमोरियलच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईजीएफआर पॉझिटिव्ह रुग्णांना जेफिटिनिबबरोबर केमो दिली, तेव्हा आजार ८ ऐवजी १६ महिने आटोक्यात राहिला. निकाल येईपर्यंत इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला चेतवणारं औषध) मात्र जोडू देऊ नका. ती आधी होऊन मागून ऑसिमर्टिनिब हे ईजीएफआरवरचंच दुसरं औषध सुरू झालं, तर फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

आणि रिपोर्ट आला की नुसतं ‘पॉझिटिव्ह’ वाचून थांबू नका, एक्सॉनचा, म्हणजे दोष जनुकाच्या कितव्या भागात आहे त्याचा, आकडा बघा. १९ मधलं डिलीशन (तुकडा गळणं) किंवा २१ मधला एल८५८आर हा बदल असेल तर तुमची जेफिटिनिब चालते. २० मधलं इन्सर्शन (जादा तुकडा घुसणं) असेल तर सहसा नाही. तेव्हा गोळी आणायच्या आधी रिपोर्ट घेऊन ऑन्कोलॉजिस्टकडे जा.